लॉजवर काहीतरी गडबड वाटली तर काउंटरवरच्या पोरानं करायचं काय?

काउंटर_नंबर_दोन

नमस्कार मंडळी. छत्रपती संभाजीनगरात स्टेशनच्या बाजूला आमचं जुनं लॉज आहे, वडिलांच्या काळापासूनचं. शिवाय वेरूळ रस्त्याकडचे दोन फ्लॅट रोजच्या भाड्यानं देतो, त्यांचं बुकिंग ॲपवरून येतं. मध्यंतरी आम्हा लॉजवाल्यांना ठाण्यात बोलावून मानवी तस्करीबद्दल माहिती दिली. साहेब चांगलं बोलले, पण घरी येताना हातात एकच वाक्य उरलं: "संशयास्पद काही दिसलं तर कळवा."

आता संशयास्पद म्हणजे काय? हेच वाक्य मी स्टाफला सांगितलं तर काउंटरवरच्या पोराच्या डोक्यात अर्थ एकच, बिनलग्नाचं जोडपं. रूमबॉयला वाटतं ही सगळी मालकाची कामं. आणि सफाईच्या मावशींना त्या बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. खोलीच्या आत रोज जातात त्या.

इंटरनेटवर ट्रेनिंगचे व्हिडिओ पाहिले. सगळे बड्या हॉटेलांचे. त्यात म्हणतात, सिक्युरिटी मॅनेजरला कळवा. आमच्याकडे सिक्युरिटी म्हणजे रात्री शटर ओढून बाकावर आडवे होणारे काका. तर पाच-सात माणसांच्या स्टाफला, ज्यात दोघांना मराठी धड येत नाही, तासाभरात नेमकं काय शिकवावं? कुणी केलंय का असं?

तुळजापूरचा_लॉजवाला

पहिला नंबर आपला! मालक, नवरात्रात तुळजापुरात या एकदा. एका खोलीत अठरा माणसं, आधार कार्ड एकाचं, त्यातला फोटो कुणाचा ते आई भवानीलाच ठाऊक. संशय घ्यायचा म्हणलं तर अख्ख्या गावावर घ्यावा लागंल.

अर्धा_कप

लग्नसराईत आमच्या घरी हेच चित्र असतं. स्वतःहून ठाण्यात हजर होऊ का?

पिंपळाचा_पार

सोपा उपाय आहे. लग्नाचा पुरावा नसेल तर खोली द्यायची नाही. निम्मे प्रश्न तिथंच मिटतात. आमच्या गावात दोन लॉजनी हे केलं, आता सगळं शांत आहे.

वकीलीण_परभणी

पार, शांत आहे म्हणजे तस्करी थांबली असं कुणी सांगितलं? सज्ञान जोडप्याला खोली देऊ नये असा कायदाच नाही. कोइमतूरला रोजच्या भाड्याच्या फ्लॅटना याच कारणावरून सील ठोकलं होतं. २०१९ च्या डिसेंबरात मद्रास उच्च न्यायालयानं ते काढायला लावलं, आणि असा कायदा नाही हे स्पष्ट सांगितलं. धागाकर्त्याचे दोन फ्लॅट आहेत म्हणून मुद्दाम हेच उदाहरण दिलं.

आणि तस्करी करणारा माणूस लग्नाचं सर्टिफिकेट आणू शकत नाही असं वाटतं का तुम्हाला? तो नवरा बनून येतो, मामा बनून येतो, कंपनीचा सुपरवायझर बनून येतो. कागद त्याचेच सगळ्यात नीटनेटके असतात. घाबरत घाबरत येतात ती खरी जोडपी.

कायदा थोडक्यात सांगते. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ (आधीचं भादंवि ३७०) १ जुलै २०२४ पासून लागू आहे. शोषणासाठी माणसाला धाक, बळजबरी, फसवणूक किंवा आमिष दाखवून आणणं, नेणं, ठेवून घेणं, दुसऱ्याच्या हवाली करणं, हे सगळं त्यात येतं. "ठेवून घेणं" लॉजवाल्यांनी दोनदा वाचा. शिक्षा ७ ते १० वर्षं, बळी अल्पवयीन असेल तर किमान १० वर्षं आणि पुढे जन्मठेपेपर्यंत. "ती स्वतःच्या मर्जीनं आली होती" हा बचाव चालत नाही, संमतीला तिथं किंमत नाही. शिवाय १९५६ चा पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, आहेच. त्यात हॉटेलचा परवाना ३ महिने ते १ वर्ष निलंबित होऊ शकतो, प्रकरण बालकाचं असेल तर रद्दसुद्धा.

पोक्सोचं कलम २० तर नाव घेऊन हॉटेल आणि लॉजच्या कर्मचाऱ्यांबद्दल बोलतं. मुलांचं लैंगिक शोषण दाखवणारं काही साहित्य वा वस्तू नजरेस पडली तर पोलिसांना कळवायची जबाबदारी त्यांच्यावर आहे. आणि बालकावर गुन्हा झालाय किंवा होण्याची शक्यता आहे हे कळल्यावर गप्प बसलात, तर कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. उलट प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. हे शेवटचं वाक्य स्टाफला पहिलं सांगा.

पिंपळाचा_पार

ताई, कलमं पाठ आहेत तुमची, मान्य. पण गावात राहायचं आम्हाला आहे.

तुळजापूरचा_लॉजवाला

वकीलताई बरोबर सांगूलाल्यात, पण दुसरी बाजूबी ऐका. आपण फोन केला, पोलीस आले, दुसऱ्या दिवशी पेपरात हेडिंग काय? "लॉजवर छापा." फोन लॉजवाल्यानंच केला होता हे कुणी छापत न्हाई. वर पंच म्हणून सही, मग तारखेला कोर्टात. एक तारीख, दुसरी तारीख. माझ्या वळखीच्या एकाचं गिऱ्हाईक सहा महिने तुटलं.

सातासमुद्रापार

मूळचा अंबाजोगाईचा, सध्या कॅलिफोर्नियात एका मोटेलवर मॅनेजर आहे. (हो, मोटेल म्हटलं की गुजराती मालक. विनोद करून झाले असतील तर पुढे वाचा.)

इथं २०१८ साली कायदा झाला. १ जानेवारी २०२० पर्यंत प्रत्येक हॉटेल-मोटेलनं, पाहुण्यांशी संबंध येणाऱ्या स्टाफला किमान २० मिनिटांचं प्रशिक्षण द्यायचं, आणि नंतर दर दोन वर्षांनी पुन्हा. रिसेप्शन, हाउसकीपिंग, सामान उचलणारे, गाडी चालवणारे, सगळे त्यात येतात. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, खरं सांगतो. सगळे व्हिडिओ लावतात आणि मोबाइल बघतात. पण एक गोष्ट त्यातून पक्की बसली. सफाईवाली बाई मला न विचारता हेल्पलाइनला फोन करू शकते. मालकाचीच फूस असेल तर? ट्रेनिंगचा सगळा अर्थ तिथं आहे.

लैंगिक शोषण आणि मजुरीचं शोषण, दोन्ही शिकवायचं असं कायद्यात आहे. दुसरं सगळे विसरतात.

मावशींचा_लेक

माझी आई नांदेडला एका लॉजवर बरीच वर्षं सफाईला होती. गुरुद्वाऱ्यामुळं तिथं देशभरातून माणसं येतात, त्यामुळं अनोळखी भाषा, वेगळे कपडे याचं तिला काही वाटायचं नाही. तिचं निरीक्षण वेगळं असायचं. ती माणसं बघायची नाही, खोली बघायची.

एकदा एक पुरुष आणि एक मुलगी येऊन राहिले. तो टॉवेल आणि चादरी दारातूनच घ्यायचा, झाडू मारायला आत येऊ द्यायचा नाही. असं करणारे खूप असतात, त्यात विशेष नाही. बाहेर जाताना बाहेरून कडी घालून कुलूप लावायचा आणि काउंटरला सांगायचा, बायकोला बरं नाही, झोपलीय. एक दिवस तो पॅसेजमध्ये फोनवर बोलत उभा असताना आई कचऱ्याची बादली घ्यायला आत गेली. मुलगी पलंगावर बसलेली, पायात काही नाही. चप्पल कुठंच नाही. त्याची बॅग टेबलावर उघडी होती आणि लेडीज चप्पल त्यात होती, कॅरीबॅगमध्ये गुंडाळलेली. आईनं खुणेनं विचारलं, कुठून आलीस. मुलीला आपण कोणत्या गावात आहोत तेच माहीत नव्हतं.

मॅनेजर म्हणाला, आपल्याला काय करायचंय, त्यानं आठ दिवसांचं भाडं आगाऊ भरलंय. आमच्या गल्लीत एक महिला पोलीस राहायच्या. आईनं संध्याकाळी त्यांना सांगितलं. त्या रात्रीच पोलीस आले. मुलगी परराज्यातली होती, कामाला लावतो म्हणून आणलेली. पुढं तिचं काय झालं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. लॉजवाल्यानं मात्र आईला दिवाळीनंतर कामावर घेतलं नाही.

अर्धा_कप

चप्पल... बाप रे.

गोदातीर

वाचनखूण साठवली. मावशींना नमस्कार सांगा.

नीटचा_बाप

इथं दुसरी बाजू मांडतो, राग मानू नका. गेल्या वर्षी मुलीला घेऊन परीक्षेसाठी बाहेरगावी गेलो होतो. बायकोची तब्येत बरी नव्हती म्हणून आम्ही दोघंच. काउंटरवरच्या माणसानं मुलीला माझ्यादेखत विचारलं, "हे तुझे कोण?" वर आईला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. लातूरला दोन वर्षं खोली घेऊन राहिलेली पोरगी, दुसऱ्या दिवशी पेपर, आणि ती रडायला लागली. हे असलं ट्रेनिंग नको रे बाबा.

पिंपळाचा_पार

का? मला तर तो माणूस जबाबदार वाटला. व्हिडिओ कॉलला एक मिनिट लागतं.

नीटचा_बाप

तुमच्या मुलीला विचारतील तेव्हा बोलू.

वकीलीण_परभणी

दोघंही थांबा. विचारणं चूक नाही, चारचौघांत विचारणं चूक आहे. रजिस्टर भरताना वडिलांना सही करायला सांगा आणि तेवढ्यात मुलीला साधं विचारा, कोणतं सेंटर मिळालं, रिक्षा किती वाजता हवी, सकाळी नाश्ता लवकर लागेल का. खरी परीक्षार्थी फाडफाड उत्तर देते. जिला काहीच माहीत नाही, किंवा प्रत्येक प्रश्नाला शेजारचाच उत्तर देतो, तिथं कान टवकारायचे.

आणि अति संशयाचं काय होतं तेही बघा. २०२३ च्या मे महिन्यात बिहारहून निघालेल्या ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला रेल्वेतून उतरवलं. मदरशात शिकायला निघालेली मुलं. सोबतच्या पाच जणांवर तस्करीचा गुन्हा लागला, ते तुरुंगात गेले. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमजातून घडलं म्हणून तपास बंद केला. त्या मुलांचे बालगृहात गेलेले दिवस कोण परत देणार? माणसाचा धर्म, भाषा, गरिबी बघून संशय घ्यायला शिकवणार असाल तर ट्रेनिंग न घेतलेलं बरं.

कोयता_आणि_कागद

बीड जिल्ह्यातून लिहितोय. ऊसतोड कामगारांच्या मुलांसोबत काम करतो.

एवढी चर्चा झाली, सगळी खोलीत येणाऱ्या बाईबद्दल. आता धागाकर्त्याला एक प्रश्न: तुमच्याकडचे ते दोघं, ज्यांना मराठी धड येत नाही, त्यांना कुणी आणलं? आणणाऱ्याला तुम्ही किती दिले, आणि पगार त्या पोरांच्या हातात पडतो की त्याच्या? आधार कार्ड कुणाच्या खिशात आहे? रात्री कुठं झोपतात, आणि उद्या घरी जातो म्हणाले तर जाऊ शकतात का?

आमच्याकडं मुकादम (मजूर पुरवणारा ठेकेदार) दसऱ्याच्या आधी उचल (आगाऊ पैसे) देतो, नवरा-बायकोच्या जोडीचा एक कोयता धरून. हंगाम संपतो आणि उचल फिटलेली नसते. मग पुढच्या वर्षी परत, नाहीतर दुसऱ्या मुकादमाच्या हवाली. मुकादमाच्या माणसांनी पळून आलेल्या कामगाराला शोधत लॉजवर येणं हेही घडतं, आणि लॉजवाला बिनधास्त रजिस्टर उघडून दाखवतो, कारण समोरचा जीपमधून उतरलेला असतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. संविधानाच्या कलम २३ मध्ये माणसांचा व्यापार आणि वेठबिगार एकाच वाक्यात आहेत, ते उगीच नाही.

ढाबे, हॉटेलांत १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला २००६ च्या ऑक्टोबरपासून बंदी आहे. आज जालना रस्त्यावर कुठल्याही ढाब्यावर रात्री जेवायला बसा आणि पाणी कोण आणतंय ते बघा.

तुळजापूरचा_लॉजवाला

कोयता दादा, वर्मावर बोट ठेवलं.

काउंटर_नंबर_दोन

प्रश्न झोंबला, उत्तर देतो. दोघं झारखंडचे, एकवीस-बावीसचे. आधीपासून इथं असलेल्या त्यांच्या गाववाल्यानं आणले. पगार त्यांच्या स्वतःच्या खात्यात जातो, आधार त्यांच्याकडंच. होळीला गावी जातात आणि दर वेळी आठ दिवस उशिरा येतात, म्हणजे जाऊ शकतात हे सिद्ध आहे. :) पण शेजारच्या गल्लीत ठेकेदार एकरकमी पैसे घेऊन मुलं पुरवतो, हे आम्ही सगळे जाणून आहोत. बैठकीत तो विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

खोली_भाड्यानं

फ्लॅटबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. माझा एक फ्लॅट अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांना देते. दाराला कोडचं कुलूप, पाहुणा येतो-जातो, तोंड बघायचं कारण नाही. सोय माझीही, आणि ज्याला लपायचंय त्याचीही. लॉजवर निदान बाकावर काका तरी असतात.

आता चेक-इनला स्वतः जाते किंवा सोसायटीतल्या एका ताईंना पाठवते. गीझर कसा चालू करायचा ते दाखवायचं हे निमित्त. बुकिंग करणाऱ्याचंच नाही, राहणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र घेते. त्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा, दोन्ही बघते. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावीच लागते, लॉजवाल्यांना ते माहीत असतं, फ्लॅटवाल्यांतले निम्मे विसरतात. आणि वॉचमनला सांगून ठेवलंय की एकाच रात्रीत वेगवेगळी माणसं थोड्या थोड्या वेळानं वर जायला लागली तर मला फोन कर. गावातल्याच माणसानं खोली घेतली म्हणून मात्र मी संशय घेत नाही. घरी मार खाऊन रात्री बाहेर पडलेली बाई पण गावातलीच असते.

पिंपळाचा_पार

औरंगाबादेत असे किती फ्लॅट असतील?

गोदातीर

संभाजीनगर.

अर्धा_कप

झालं सुरू.

संपादक

नावाच्या वादाला वेगळा धागा आहे, तिकडं जा. पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

निवृत्त_अंमलदार

पोलीस खात्यातून रिटायर आहे, लातूर. दोन-तीन गोष्टी, कारण वर बराच गोंधळ दिसतोय.

फोन ११२ ला करा. मूल असेल तर १०९८, बाई असेल तर १८१. १०९८ आता ११२ शी जोडलेलं आहे, त्यामुळं कोणताही लावला तरी चालतं, घाबरून चुकीचा नंबर लागला असं होत नाही. नाव सांगायचं नसेल तर तसं सांगा. जिल्ह्यात अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष असतो, त्याचा नंबर काउंटरच्या काचेखाली ठेवा. फोनवर "आमच्या इथं गडबड आहे" असं म्हणू नका, त्यावर कुणी धावत येत नाही. काय बघितलं ते सांगा: खोली नंबर, किती माणसं, मुलीचं अंदाजे वय, गाडीचा नंबर, बाहेरून कडी आहे का.

मग गप्प राहा. त्या माणसाला जाब विचारू नका, खोलीला कुलूप घालून हिरो होऊ नका. तो निसटला तर आम्ही बघू, त्यानं चाकू काढला तर तुमचं पोरगं जाईल. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग लगेच बाजूला काढा, डीव्हीआर काही दिवसांनी आपोआप जुनं पुसतं, आणि तपासात आम्हाला सगळ्यात जास्त तेच नडलंय. पण ते फुटेज लॉजवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. पीडित मुलीची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे.

तुळजापूरकर, तुमची तक्रार खरी आहे. कळवणाऱ्याचंच नाव पेपरला जातं हे मीही पाहिलंय, आणि पुढच्या वेळी त्या भागातून एकही फोन येत नाही. फोन केल्याची नोंद ११२ च्या यंत्रणेत राहते. पुढं परवान्याचा प्रश्न आला तर वकिलामार्फत तीच मागा.

वकीलीण_परभणी

+१. पिट्यातही लॉजचालकानं "जाणूनबुजून" चालू दिलं का हा प्रश्न येतो. तुमचा स्वतःचा फोन हे त्याचं सगळ्यात चांगलं उत्तर.

एक आणखी. पोलीस आले म्हणजे खोलीतली प्रत्येक बाई आरोपी होत नाही. सज्ञान आणि स्वेच्छेनं हे काम करणाऱ्या स्त्रीला पोलिसांनी त्रास देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलंय. स्टाफनंही तिला शिवीगाळ करायची नाही, मोबाइलवर शूट करायचं तर नाहीच.

सातासमुद्रापार

मावशींचा_लेक, तुमच्या आईंना नंतर कामावर घेतलं नाही हे डोक्यातून जात नाही. इथंही हीच भीती असते. धागाकर्ते, ट्रेनिंगच्या आधी स्टाफसमोर मालक म्हणून एक वाक्य तोंडानं बोला: फोन केला म्हणून कुणाचं काम जाणार नाही. लिहून लावलंत तर आणखी बरं. नाहीतर बाकी सगळं भाषणच.

काउंटर_नंबर_दोन

सगळ्यांचे आभार, एवढं कामाचं मिळेल असं वाटलं नव्हतं. दुपारी बारा-एकला चेकआउट आटोपतं आणि चारपर्यंत नवं गिऱ्हाईक फारसं नसतं, ती वेळ ठरवली. मावशींना त्या तासाचे पैसे वेगळे देणार, नाहीतर त्या जिन्यातूनच पळतील. व्हिडिओ दाखवणार नाही. रजिस्टर आणि एक रिकामी खोली घेऊन बसू. काउंटरवरच्या पोराला वकीलताईंचे रिक्षा-नाश्त्याचे प्रश्न, मावशींना खोलीत काय बघायचं ते. मावशींचा_लेक, आईंची चपलेची गोष्ट नाव-गाव न घेता सांगितली तर चालेल ना?

एका पानाचं कार्ड करतोय, मराठी आणि हिंदीत. तीन नंबर, आणि फोनवर काय सांगायचं ते.

मावशींचा_लेक

सांगा. आईला विचारलं, ती म्हणाली, चप्पलच बघत बसू नका म्हणावं. पुढचा शहाणा झाला तर चप्पल बाहेर ठेवेल.

कोयता_आणि_कागद

कार्ड फक्त काउंटरवर लावू नका. बाथरूमच्या दाराला आतून लावा. त्या मुलीला एकटीला मिळणारी जागा तेवढीच असते. स्टाफच्या झोपायच्या खोलीतही एक हवं. त्यावर "काम सोडायचं आहे पण सोडू देत नाहीत? ११२" असं हिंदीतून मोठ्या अक्षरात.

पिंपळाचा_पार

बाथरूममध्ये असलं काही दिसलं तर फॅमिली गिऱ्हाईक परत येईल का?

खोली_भाड्यानं

मी दोन महिन्यांपूर्वी लावलंय. आतापर्यंत एकाच पाहुण्यानं त्याबद्दल रिव्ह्यूत लिहिलं, तेही पाच स्टार देऊन. बाकीच्यांची तक्रार गीझरबद्दलच आहे.

तुळजापूरचा_लॉजवाला

कार्ड झालं की फाइल इथंच टाका मालक, आम्हीबी छापूलालाव. फक्त बाथरूममधलं नुसतं चिकटवू नका, वाफेनं चार दिवसांत गळून पडतंय. लॅमिनेशन करून चार स्क्रू मारा. आणि हिंदीच्या जोडीला कन्नडबी टाका, माझे दोन पोरं कलबुर्गीकडले हायत.